फोनवरून दिलेलं झोपेचं इंजेक्शन

ऑर्थोपेडिक सर्जनला एक्स-रेची भुरळ फार लवकर पडते. मांडीच्या हाडाचे तुकडे दिसले की ते सरळ करायला हात शिवशिवतात. त्या हाडाच्या वर फुप्फुसं आहेत, मेंदू आहे, हे विसरायला होतं. मी विसरलो.

मुलगा विशीतला. मोटारसायकलवरून पडून दोन्ही मांड्यांची हाडं मोडलेली. पायांना कसलाही आधार न बांधता, खड्ड्यांच्या रस्त्यानं जीपमधून आणलेला. सकाळी टेबलावर घेताना भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "सर, ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन ९१ च्या वर जात नाहीये. आज दोन्ही बाजूंना बाहेरून फिक्सेटर लावून थांबू या. रॉड नंतर टाका." मी म्हणालो, बोटं गार पडलीत, प्रोब नीट पकडत नसेल. आणि दोन्हीकडे रीमिंग करून रॉड टाकले. सी-आर्म या एक्स-रे यंत्रावरचं चित्र इतकं देखणं आलं की बाहेर नातेवाइकांनाही दाखवलं.

रीमिंग म्हणजे रॉड बसावा म्हणून हाडाची पोकळी आतून कोरणं. त्या पोकळीत मज्जा असते, तिच्यात भरपूर चरबी. रीमर सिरिंजच्या दट्ट्यासारखा आत सरकतो, दाब वाढतो आणि चरबीचे थेंब शिरांतून हृदयाकडे, तिथून फुप्फुसांत जाऊन अडकतात. थोडी चरबी अशा बहुतेक फ्रॅक्चरमध्ये रक्तात उतरतेच आणि बहुतेकांचं काही बिघडत नाही. पण काहींची फुप्फुसं सुजतात, ऑक्सिजन घसरतो, काही थेंब मेंदूपर्यंत पोचतात. दोन्ही मांड्या मोडलेल्या असल्या तर धोका आणखी मोठा. सॅच्युरेशन आधीच उतरलेलं होतं, म्हणजे चरबीनं वाट धरलेली असणार. मी तिला आणखी रेटा दिला.

रात्री वॉर्डातून फोन आला. पेशंट सलाइन उपटतोय, आईला ओळखत नाही. तो अधूनमधून पितो, असं घरच्यांनी सांगितलं होतं. दारू तुटल्यामुळे होत असेल, झोपेचं इंजेक्शन द्या, असं मी अंथरुणातूनच सांगितलं. सॅच्युरेशन किती, हे विचारलंसुद्धा नाही. खरी चूक ही. आधीची चूक निदान बुद्धीची तरी होती, ही निव्वळ आळसाची.

पहाटे अंग पुसताना सिस्टरला त्याच्या काखेत आणि मानेवर बारीक लाल ठिपके दिसले. प्लेटलेटही उतरल्या होत्या. "सर, डेंग्यू तर नाही ना?" तिनं विचारलं. पावसाळ्यात तसं वाटणं साहजिकच. पण धाप, भ्रम आणि ठिपके ही तिन्ही लक्षणं एकत्र, तीही हाड मोडल्यापासून एक ते तीन दिवसांत, म्हणजे फॅट एम्बोलिझमचा पाठ्यपुस्तकातला नमुना. बेर्गमान या जर्मन सर्जननं १८७३ मध्ये जिवंत रुग्णात ओळखलेला हा आजार मला ऑक्सिमीटर हाताशी असताना ओळखता आला नव्हता.

ही चरबी विरघळवणारं औषध नाही. ऑक्सिजन, व्हेंटिलेटर आणि वाट पाहणं, एवढंच. त्याला शहरात हलवलं. तो वाचला. बोलणं मात्र कित्येक महिने अडखळत होतं. घरच्यांनी माझे आभार मानले. चरबी फुप्फुसात गेली, असं होतं कधीकधी, एवढंच मी त्यांना सांगितलं. इंजेक्शनबद्दल बोललो नाही.

यावरून कुणी ऑपरेशन लांबवू नये. मोडलेलं हाड हलतं राहिलं तरी चरबी सुटत राहते, म्हणून ते लवकर स्थिर करणंच बरं. प्रश्न रुग्णाला त्या दिवशी किती सोसवेल, हा असतो.

तुमच्या घरातल्या कुणाची मांडी किंवा नडगी मोडली तर हलवण्यापूर्वी पाय फळीला बांधा. आणि नंतरच्या दोन-तीन दिवसांत तो असंबद्ध बोलू लागला, तर झोपेचं औषध देण्याआधी त्याचा ऑक्सिजन मोजायला लावा. डॉक्टर वैतागले तरी चालेल.