झोपेची गोळी नव्हे

आमच्या घरातल्या औषधांच्या डब्यात दोन गोळ्या कधी संपू दिल्या जात नसत, क्रोसिन आणि एविल. आईच्या अंगावर पित्त उठायचं. बोटभर रुंद लाल गांधी, पाठीपासून मांड्यांपर्यंत. आजी आधी आमसुलं भिजवून ते पाणी तिच्या अंगाला चोळायची; त्यानं नाही भागलं की एविल. थोड्या वेळानं गांधी बसायच्या आणि आई भर दुपारी ढाराढूर झोपायची. झोप लागली म्हणजे औषध लागू पडलं, असा सरळ हिशेब होता.

आईचं पित्त माझ्याकडे शिंका होऊन आलं. पावसाळ्यात गाजर गवत फुललं की सकाळी डोळे उघडायच्या आत शिंकांची माळ सुरू. एविल घेतली की नाक थांबायचं आणि वहीतली अक्षरं पेंगायला लागायची.

झोपेचा आणि गुणाचा संबंध नाही, हे पुष्कळ उशिरा कळलं. परागकण शत्रू वाटले की शरीरातल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. ते रक्तवाहिन्यांवरच्या, चेतातंतूंवरच्या ठरलेल्या जागी जाऊन बसलं की खाज, सूज, नाकाला धार. गोळी हिस्टामिनला नष्ट करत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तशी ती त्या जागा धरून ठेवते. हिस्टामिन येतं आणि उभंच राहतं. त्यामुळे शिंका सुरू व्हायच्या आधी घेतलेली गोळी जास्त कामाला येते. ही युक्ती 1937 साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दानिएल बोव्हे यांना साधली. ते पहिलं रसायन फार विषारी निघालं, पण वाट सापडली होती. 1957 साली त्यांना नोबेल मिळालं.

झोप येते ती वेगळ्या कारणानं. मेंदूत हेच हिस्टामिन आपल्याला जागं ठेवतं आणि एविलसारख्या जुन्या गोळ्या थेट मेंदूत शिरतात. सेट्रिझिन कमी शिरते, तरी काहींना पेंग आणतेच. फेक्सोफेनाडिन जवळजवळ शिरतच नाही. मात्र ती फळांच्या रसाबरोबर घेतली तर अंगात नीट शोषली जात नाही. आजाऱ्याच्या हातात आधी मोसंबीचा रस देणाऱ्या आपल्या घरांत हे कुणाला पटायचं?

माझ्या काकांचं दुखणं निराळंच होतं. त्यांच्या बांधावर गाजर गवत कमरेएवढं वाढायचं आणि ते हातानं उपटायचे. मानेची आणि कोपराच्या आतली कातडी जाड, काळपट, भेगाळलेली. रात्रभर खाजवत. तेही एविलच घेत. झोप लागे, पुरळ तसाच. कारण ही ॲलर्जी हिस्टामिनच्या वाटेनं येतच नाही. गवताचा स्पर्श झाल्यावर पांढऱ्या पेशींची एक जात, टी पेशी, दिवस-दोन दिवसांनी कातडीवर चाल करून येतात. तिथे रुमाल टाकून काय उपयोग? त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं, पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला लावला आणि गवताला हात लावायचा नाही असं बजावलं. काका तिन्हींतलं फक्त मलम पाळत.

चोंदलेल्या नाकावरही या गोळ्यांचा फारसा जोर चालत नाही. नाक मिनिटांत मोकळं करणारे थेंब मिळतात, पण तेच आठवडाभर घातले की नाक थेंबांवाचून उघडेनासं होतं. आणि ओठ-जीभ सुजून श्वास अडकायला लागला, तर गोळी शोधत बसायचं नाही. तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, म्हणजे ताबडतोब दवाखाना.

मला आता स्टेरॉइडचा फवारा आहे. त्याचा पुरता गुण यायला काही दिवस लागतात, म्हणून गवत फुलायच्या आधीच सुरू करायचा आणि एकही दिवस चुकवायचा नाही. डॉक्टरांनी समोर बसवून करून घेतलं: मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीला डावा हात, टोक मधल्या पडद्याकडे नाही, डोळ्याच्या बाहेरच्या कडेकडे. आईला हे औषध वाटतच नाही. "नुसतं नाकात पाणी मारतोस," म्हणते, "आणि वर जागाच!"