खोक्यावरचं चित्र

यवतमाळच्या दत्त चौकातून जाताना माझी नजर अजून एक दुकान शोधते. व्हिडिओ कॅसेट भाड्यानं देणारं! आत भिंतभर खोकी आणि प्रत्येकावर एकच चित्र. हलत्या सिनेमाची सगळी गोष्ट त्या एका न हलणाऱ्या चित्रानं सांगायची. आहे की नाही गंमत?

एकदा मी कार्टूनची कॅसेट निवडली. काकांनी ती साध्या डबीत घालून दिली आणि चित्राचं खोकं ठेवून घेतलं. मी हिरमुसलो. काका म्हणाले, “अरे, हे फाटलं तर बाकीची पोरं काय पाहून निवडतील?”

त्या काळी कार्टून म्हणजे मोगली. १९९३ साली ‘जंगल बुक’ दूरदर्शनवर लागलं. सिवनीचं रान नागपूरच्या पलीकडे, वाघ तर आपल्या टिपेश्वरलाही. म्हणून मोगली आपलाच वाटे. पण ती चित्रं १९८९ साली जपानच्या निप्पॉन अॅनिमेशननं केली होती! त्याच सुमारास जपानचे युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून रामायणावरही सिनेमा काढला. त्याची पुढे डीव्हीडी निघाली आणि २०२५ साली तो थिएटरांत पुन्हा लागला.

हे सगळं आम्हाला तेव्हा कुठं ठाऊक होतं? खोक्यांच्या मागची बारीक अक्षरं आम्ही कधी वाचलीच नाहीत.

आता ते दुकान नाही. पण तुमच्या माळ्यावर एखादी जुनी कॅसेट किंवा तबकडी असेल. आईबाबांना विचारा, खाली काढा. फेकू नका हं! आधी समोरचं चित्र पाहा, मग उलटून मागची नावं वाचा.