गोदातीरीचे जुने लोखंड

नांदेडला जाणारा प्रवासी बहुधा गोदावरीचे दर्शन घेतो, सचखंड गुरुद्वारात मस्तक नमवितो आणि परततो. परंतु ज्यास सुतारकामाचा थोडा नाद आहे, त्याने शहरातील जुन्या लोखंडाच्या दुकानांतही तासभर घालवावा. जिल्ह्यातच किनवटचे सागवान. ते घडविणाऱ्या हातांची हत्यारे आता येथे वजनावर विकली जातात. अशाच एका ढिगात मला दोन शिकंजे मिळाले.

सरस लावलेली लाकडे सांधा वाळेपर्यंत आवळून धरणारे साधन, तो शिकंजा. स्वयंपाकघरातील सांडशीचा तो भाऊबंद. आणि सांडशी ही संस्कृत ‘संदंश’ शब्दाची कन्या. सुश्रुताने शल्यकर्माच्या यंत्रांतही संदंशाची गणना केली आहे. भेद इतकाच की, सांडशीस माणसाची मूठ लागते, शिकंज्यास मळसूत्र पुरते.

जुना शिकंजा घेताना गंजास भिऊ नये. भ्यावे ते चिरेस. संशय आल्यास अंगास रॉकेल लावावे, पुसून कोरडे करावे आणि वर खडूची पूड चोळावी. चीर असेल तर आत मुरलेले रॉकेल पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटविते. जन्मभर खडू झिजविलेल्या मास्तरास ही परीक्षा विशेष आवडली, यात नवल ते काय! तडकलेले ओतीव लोखंड मात्र फुकट मिळाले तरी घेऊ नये. दाबाखाली ते फुटले तर हातच जायबंदी व्हावयाचा. मळसूत्रही टोकापर्यंत फिरवून पाहावे; आटे झिजलेले असल्यास दाब टिकत नाही.

लोहा, अहमदपूर, चाकूर करीत मी लातुरास आलो. गंजगोलाईची उभारणी १९१७ सालची. मध्ये जगदंबेचे देऊळ आणि भोवती सोळा रस्ते. तेथला ‘गंज’ म्हणजे बाजारपेठ. माझ्या पिशवीतला निराळा! तो काढण्याची रीत एका वृद्ध सुताराने दाखविली. शिकंजा रात्रभर शिरक्यात बुडवावा, तारेच्या ब्रशाने घासावा, सोड्याच्या पाण्याने धुऊन पुरता वाळवावा. मग आट्यांस तेल द्यावे आणि दांड्यास मेण, म्हणजे सरस चिकटत नाही.

घासता घासता गोष्ट निघाली ती किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि माळवदांचा भार यांखाली हजारो माणसे दगावली. तरीही कित्येक घरांत भिंती ढासळल्या असता खणांचे लाकडी खांब व तुळया उभ्या राहिल्या. म्हातारा म्हणाला, “गुरुजी, दगड पडला, पण सांधा ऱ्हायला.”

ती घरे गेली आणि तो सांधा करणारेही विरळ झाले. हत्यार भट्टीत गेले की त्यामागचे ज्ञानही जाते. म्हणून घरातील एखाद्या नातवाच्या हाती तरी शिकंजा द्यावा. डगमगता पाट, सुटलेला चौरंग, देवघराची निखळलेली कड यांवर त्याने प्रथम हात बसवावा. एवढेच सांगावे की, दाब बेताचा हवा. फार आवळले तर सरस सगळा बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. बेताने आवळावे, रात्रभर हलवू नये, सकाळी मळसूत्र सैल करावे.