पाहुण्याचा वेग

क्रुगर राष्ट्रीय उद्यानाचा नकाशा टेबलावर पसरला की आमच्या घरातले आवाज खाली उतरतात. बाहेर वसई स्टेशनकडे धावणाऱ्या रिक्षांची घाई चालूच असते. आत आम्ही दक्षिण आफ्रिकेतल्या एका रानातून बोटानं हिंडत असतो. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ३६० किलोमीटर, क्षेत्रफळ साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरच्या घरात. आपला अख्खा पालघर जिल्हा त्यात तीनदा मावेल आणि वर जागा उरेल. अशा रानात स्वतः गाडी चालवत शिरायचं, या विचारानंच अंगावर काटा येतो.

"आणि मध्येच गाडी बंद पडली तर रे?" आईनं विचारलं.

"तर काचा वर करायच्या, उद्यानाच्या मदतीच्या नंबरवर फोन लावायचा आणि आतच बसून राहायचं."

नकाशावर सातारा नावाचा मुक्काम सापडला, तेव्हा कुठे तिला धीर आला.

आपल्याकडे पागोळ्या गळत असतात, तेव्हा तिकडे कोरडा हिवाळा असतो. गवत विरळ होतं, पाणी मोजक्या जागी उरतं आणि जनावरं त्या पाणवठ्यांवर येतात. हिवतापाची भीतीही तेव्हा कमी. गाडी आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूनं. पायाला मात्र नवी सवय लावावी लागेल. डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर, मातीच्या रस्त्यावर ४०, ही वरची मर्यादा. खरं पाहायचं तर त्याच्याही निम्म्यानं जायचं. स्कुकुझा मुक्काम ते सातारा ही नव्वदेक किलोमीटरची वाट म्हणजे अर्धा दिवस. म्हणून बेताच्या वहीत मी अंतरं कमी लिहितो आणि थांबे जास्त. लोअर साबी मुक्कामाजवळच्या सनसेट डॅमपुढे तर अख्खी सकाळ कोरी सोडली आहे: पाणघोडे, सुसरी आणि आम्ही. विरार लोकलच्या मिनिटांवर दिवस बांधलेल्या माणसाला अशी कोरी सकाळ लिहिताना किती सुख होतं!

जून-जुलैत मुक्कामाची दारं सकाळी सहाला उघडतात, संध्याकाळी साडेपाचला बंद होतात. त्याआधी परतायचंच. रात्री कुंपणाच्या आत माणसं, बाहेर सगळं रान मोकळं. ठरवून दिलेल्या जागा सोडल्या तर गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही. हत्ती समोर आला तर मागे सरकायला जागा राखून थांबायचं, वाट त्याची. हे नियम वाचताना मला जाच वाटत नाही. दुसऱ्याच्या घरी जाताना पाळायची ही रीतच आहे.

आणि ते घर केवळ जनावरांचं नाही. अगदी उत्तरेला, पफुरीच्या बाजूला गोरखचिंचेचे प्रचंड बुंधे आहेत. वसईच्या किल्ल्यातही हे आफ्रिकेचं झाड उभं आहे, त्यामुळे तो कोपरा मला ओळखीचा वाटतो. पण तो मुलूख मकुलेके लोकांचा. १९६९ मध्ये त्यांना तिथून जबरदस्तीनं उठवलं गेलं. १९९८ मध्ये जमिनीचा हक्क परत मिळाला, तेव्हा त्यांनी तिथलं रान रानच राहू दिलं. एवढा मोठेपणा ज्या मातीत आहे, तिथून जाताना आपला वेग कमीच असायला हवा.

पण त्यासाठी विमानाच्या तिकिटाची वाट कशाला पाहायची? २०२४ च्या उन्हाळ्यात वसई किल्ल्याच्या परिसरात बिबट्या आला, आणि रान आपल्याही किती जवळ आहे ते शहराला कळलं. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि तानसा यांच्यामधला दुवा असलेलं सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं तुंगारेश्वर अभयारण्य आपल्या उशाशी आहे. पावसाळ्यात तिथल्या धबधब्यांवर गाणी मोठ्यानं लावली जातात, बाटल्या फुटतात. क्रुगरमध्ये आपण दंडाच्या भीतीनं शहाणे वागू. तुंगारेश्वरात प्रेमानं तसं वागता आलं, तर आफ्रिकेच्या वाटेला लागायला आपण लायक झालो असं मी समजेन.