दरसाल दर शेकडा

‘ह्वारान’ या कोरियन उच्चाराचे दोन अर्थ होतात. चिनी लिपीतील दोन निरनिराळ्या अक्षरजोड्यांनी तो लिहिता येतो. एकीने लिहिला तर हॉलंड देश, दुसरीने लिहिला तर अरिष्ट आणि अंदाधुंदी. आमच्यासारख्या भाषेच्या मास्तराला अशा श्लेषाचा मोह आवरत नाही, हे वाचकांस ठाऊकच आहे. याच नावाचा एक चित्रपट २०२३ च्या मे महिन्यात कान येथील महोत्सवात दाखविला गेला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कोरियात प्रदर्शित झाला. इंग्रजीत त्याचे नाव ‘होपलेस’ असे ठेवले आहे. श्लेष गेला आणि निराशा तेवढी उरली. किम छांग-हून या दिग्दर्शकाचा हा पहिलाच चित्रपट. आमच्या कन्येने तो आग्रहाने दाखविला. पडद्याखालच्या इंग्रजी ओळी वाचता वाचता आम्हांला चष्मा तीनदा पुसावा लागला. त्यातला काही भाग वयाचा होता, सगळा नव्हे.

कथा एका कळाहीन गावातली आहे. यॉन-ग्यू हा शाळकरी पोरगा, घरी आई, दारू पिऊन मारणारा सावत्र बाप आणि सावत्र बहीण. या मुलाचे एकच स्वप्न आहे : पैसे साठवून आईसह हॉलंडला जायचे. का, तर तिथे सगळे लोक सारखेच राहतात असे त्याने कुठेतरी ऐकले आहे. बहिणीला त्रास देणाऱ्यावर तो दगड उगारतो आणि प्रकरण मिटविण्यासाठी तीस लाख वॉन भरण्याची वेळ येते. आपल्या हिशेबात ही रक्कम पावणेदोन-दोन लाख रुपयांच्या घरात जाते. बाप देणार नाही, आईपाशी नाही. ज्या उपाहारगृहात तो काम करतो तेथे उचल मागतो, तीही मिळत नाही. आणि मग छी-गॉन नावाचा एक तरुण, ज्याचे या मुलाशी काही नाते नाही, ती रक्कम त्याच्या हाती ठेवून निघून जातो.

हा छी-गॉन गावातल्या एका टोळीचा मधला म्होरक्या. टोळीचा धंदा व्याजावर पैसे लावण्याचा आणि मोटारसायकली चोरण्याचा. ही भूमिका सॉंग जूंग-की या नटाने केली आहे. कोरियन मालिकांमुळे हे नाव आमच्याही घरातील मुलींच्या तोंडी असते. या कामाचे त्याने मानधन घेतले नाही, ही गोष्ट आम्हांला नोंद घेण्याजोगी वाटली.

चित्रपटात मारहाण पुष्कळ आहे, आमच्या मते गरजेपेक्षा काकणभर जास्तच, आणि लहान मुलांना बरोबर घेऊन पाहण्याजोगा तो नव्हे. पण एका ठिकाणी दिग्दर्शकाची नजर अचूक पडली आहे. छी-गॉन त्या पैशांवर व्याज लावत नाही, रोखा लिहून घेत नाही, परत कधी देणार हेही विचारीत नाही. आणि म्हणूनच पोरगा बांधला जातो. व्याजाचे कर्ज फेडता तरी येते. उपकाराच्या कर्जाला हप्ता नसतो. पोरगा आपल्या पायांनी टोळीच्या दारात जातो, काही दिवसांनी स्वतःच दुसऱ्यांकडून वसुली करू लागतो, आणि शाळा त्याच्या आयुष्यातून कधी निसटली हे त्याचे त्यालाही कळत नाही. पुढचे आम्ही सांगत नाही. ज्यांना पाहायचा असेल त्यांचा विरस नको.

त्याच वर्षी तेथे ‘साछे सोन्यॉन’ म्हणजे ‘सावकार पोरगा’ अशा अर्थाचा आणखी एक चित्रपट आला. त्यात वर्गात मार खाणारा मुलगा शाळेतच सावकारी सुरू करतो आणि बघता बघता सर्वांच्या वर चढून बसतो. कलाकृती म्हणून तो पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाही. परंतु एकाच वर्षी हाच विषय दोघांना का सुचावा, असा प्रश्न आमच्या मनात आला, म्हणून थोडे वाचन केले.

कोरियातील शाळकरी मुलांत गेली काही वर्षे एक प्रकार चालू आहे. त्याला ‘दुसऱ्याच्या वतीने पैसे भरणे’ असे निरुपद्रवी नाव आहे. आवडत्या गायकाचे चित्र, नाटकाचे तिकीट, मोबाईलवरच्या खेळातले एखादे शस्त्र, यांसाठी मुलाला पैसे हवे असतात. समाजमाध्यमांवर जाहिरात दिसते, अनोळखी माणूस लाखभर वॉन, म्हणजे आपले सहा हजार रुपये, दोन ते सात दिवसांसाठी देतो. येथे ‘व्याज’ हा शब्द कोणी उच्चारत नाही. त्याला ‘सुगोबी’ म्हणतात, म्हणजे घेतलेल्या श्रमांचा मोबदला, आणि तो मुद्दलाच्या वीस ते पन्नास टक्के असतो. मुदत टळली की ‘जिगाक्बी’ सुरू होते. ‘जिगाक’ म्हणजे शाळेत उशिरा येणे! हजेरीपटावरचा शब्द सावकाराने उचलला आणि त्याला ताशी हजारापासून दहा हजार वॉनपर्यंतचा दर चिकटवला. तेथील वित्तीय देखरेख संस्थेने २०२० मध्ये पालकांना आणि मुलांना याबाबत जाहीर इशारा दिला. काही ठिकाणी पैसे लावणारे स्वतःच विद्यार्थी होते, हेही तिने नमूद केले आहे.

आम्ही हे गणित दहावीच्या वर्गात फळ्यावर मांडले. गणिताचे शिक्षक रजेवर होते आणि तास आमच्याकडे होता. आठवड्याला शेकडा वीस, तर दरसाल दर शेकडा किती? एक हजार चाळीस. कोरियात कायद्याने ठरलेली कमाल मर्यादा जुलै २०२१ पासून वीस टक्के आहे. म्हणजे हा दर कायद्याच्या बावन्न पट. हा कायदाही तेथे सुखाने नांदलेला नाही. १९६२ साली व्याजावर मर्यादा घातली गेली. १९९७ च्या आर्थिक संकटात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून मदत घेतल्यावर जानेवारी १९९८ मध्ये तो कायदाच रद्द झाला. २००२ साली नोंदणीकृत सावकारांना सहासष्ट टक्क्यांची मुभा मिळाली, आणि तेथून एकेक पायरी उतरत वीसपर्यंत यायला एकोणीस वर्षे लागली.

आपल्याकडील जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता. एका वेळी व्याज मुद्दलापेक्षा अधिक मागता येत नसे. मुलांना तो सांगून आम्ही विचारले, की लाख वॉनला ताशी हजार वॉन ‘उशीर’ लागला तर दामदुपटीची मर्यादा कधी गाठली जाईल? मुले वहीत आकडेमोड करू लागली. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, गणितात जेमतेम काठावर असणारा, मान वर न करता म्हणाला, “चार दिवस, चार तास.”

उत्तर बरोबर होते. तास संपल्यावर आम्ही त्याला खोलीत बोलावले.

आमच्या सीमाभागात, आणि एकूणच कर्नाटकात, अशा व्याजाला ‘मीटर बड्डी’ म्हणतात. रिक्षाच्या मीटरसारखे ते पळते. अवाजवी व्याजाविरुद्ध २००४ सालापासून राज्यात कायदा आहे. तरीही या मुलाने मोबाईलवरच्या खेळासाठी घेतलेले दीड हजार दोन महिन्यांत सात हजार झाले होते. देणारे दोघे आमच्याच शाळेतून चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेले. कागद कुठेच नव्हता. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, कारण जाळायला रोखे होते. येथे होते फक्त मोबाईलवरचे निरोप, आणि त्यांत त्याच्या बहिणीचे नाव होते.

कोरियाच्या कायद्यानुसार अज्ञान मुलाने पालकांच्या संमतीवाचून केलेला करार रद्द करता येतो. जुलै २०२५ पासून तर साठ टक्क्यांपेक्षा अधिक व्याजाचे कर्ज मुद्दलासकट रद्दबातल ठरते. उत्तम तरतूद आहे. परंतु त्यासाठी मुलाने घरी तोंड उघडावे लागते. यॉन-ग्यूला ते शक्य नव्हते. आमच्या विद्यार्थ्याचा बाप मारणारा नव्हे, रात्रपाळीचा पहारेकरी आहे. तो येऊन खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, “सर, तो मला सांगायला भ्यायला नाही. माझ्यापाशी पैसे नाहीत हे त्याला माहीत होतं, म्हणून सांगितलं नाही.”

त्या दोघांना आम्ही निरोप धाडला. ते आले, जुन्या सवयीने आमच्या पायाही पडले. मुद्दल बापाने आमच्यासमक्ष मोजून दिले, आणि वरच्या रकमेचे नाव पुन्हा काढल्यास पोलीस ठाण्याची पायरी आम्ही स्वतः चढू, असे त्यांना सांगितले. निरोप थांबले आहेत असे मुलगा म्हणतो. त्याची बहीण आठवीत आहे. सध्या शाळा सुटताना आम्ही फाटकापाशी उभे असतो, आणि दोघे कोपऱ्यावरून वळेपर्यंत तेथून हलत नाही.