साठ दिवसांतले पाच दिवस

नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा न्यूयॉर्कच्या सहलीला तीन आठवडे उरले होते. मुलीच्या शाळेला मार्चअखेरीस आठवडाभर सुट्टी असते, तिला इथे स्प्रिंग ब्रेक म्हणतात. आमच्या ओहायोत तेव्हा वसंत फक्त कॅलेंडरवर आलेला असतो. ज्यांना परवडतं ते ऊन शोधत फ्लोरिडाला जातात. आम्ही सात वर्षांच्या थोरलीला आणि चार वर्षांच्या धाकट्याला न्यूयॉर्क कबूल केलं होतं.

एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी सुटली की त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने त्याच्यासाठी अर्ज भरला तर ठीक, नाहीतर बहुधा गाशा गुंडाळायचा. माझा व्हिसा त्याच्यावर अवलंबून, म्हणून माझीही मुदत तीच. मुलं इथे जन्मली, त्यामुळे ती इथली नागरिक. कपाटात चार पासपोर्ट आहेत. चारही निळेच, पण दोन देशांचे.

मी म्हटलं, सहल रद्द करू. नवरा म्हणाला, "घरी बसून फोनकडेच बघणार ना? फोन तिथेही वाजेल." राहायला जर्सी सिटीत माझ्या मैत्रिणीचं घर होतं, म्हणजे हॉटेलचा खर्च नव्हता. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा घेऊन आम्ही नऊ तास गाडी हाकत निघालो.

मुलांना काही सांगायचं नाही, असं ठरलं होतं. अडचण भाषेची होती. घरी हट्टाने मराठी बोलतो, त्यामुळे मुलांना ती कळते, आणि इंग्रजी तर त्यांचीच. म्हणून आम्ही पैशांचं, वकिलाचं, परत जाण्याचं सगळं हिंदीत बोलायला लागलो. भांडणंही हिंदीत. माझं हिंदी इतकं कच्चं, की रागावताना मध्येच शब्द अडायचा आणि नवऱ्याला हसू यायचं.

न्यूयॉर्कच्या सबवेत ४४ इंचांपर्यंतच्या मुलांना तिकीट पडत नाही. धाकटा फुकट. थोरली दाराशी ताठ उभी राहून म्हणाली, "मी मोठी आहे, माझं तिकीट लागतं." एरवी मला कौतुक वाटलं असतं. त्या दिवशी मी मनात दर फेरीचे तीन डॉलर मोजले आणि मग स्वतःचीच लाज वाटली. ही सबवे १९०४ साली सुरू झाली, आणि अनेक जुन्या स्टेशनांवर आजही लिफ्ट नाही. धाकट्याची बाबागाडी आम्ही दोघं पालखीसारखी उचलून जिने चढत होतो. एकदा नवरा पुढे फोनवर बोलत असताना एका अनोळखी माणसाने पुढची बाजू धरली, वर आणून ठेवली आणि मी आभार मानायच्या आत तो निघूनही गेला.

नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयाची तिकिटं आधीच काढलेली होती. तिथे छताला निळ्या देवमाशाची ९४ फुटांची प्रतिकृती टांगली आहे. लोक तिच्याखाली चक्क फरशीवर आडवे होतात. धाकटा झोपला, त्याच्या शेजारी नवराही. "बाबा, त्याला बेंबी आहे!" धाकटा ओरडला. खरंच आहे. २००३ साली दुरुस्ती करताना ती मुद्दाम घातली. नवरा वीस मिनिटं तसाच पडून होता. त्याने फोनला हात लावला नाही, अशी ती तीन आठवड्यांतली पहिली वीस मिनिटं.

तिसऱ्या दिवशी त्याची मुलाखत होती, फोनवर. फिफ्थ अॅव्हेन्यूवरच्या सार्वजनिक वाचनालयाच्या दारात संगमरवरी सिंहांची जोडी आहे, पेशन्स आणि फॉर्टिट्यूड. १९३०च्या दशकातल्या मंदीत महापौर ला गार्डिया यांनी ही नावं ठेवली. या दिवसांत लोकांना धीर आणि धैर्यच लागेल, असं त्यांना वाटलं. मी हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "मला दोन्ही हवेत," आणि मागच्या ब्रायंट पार्कमध्ये कोपऱ्यातली खुर्ची शोधायला गेला.

मी मुलांना घेऊन आत गेले. आत प्रवेश फुकट, आणि तिथे विनी द पूची मूळ खेळणी आहेत. ए. ए. मिल्न यांच्या मुलाची खरीखुरी खेळणी: पू, पिगलेट, ईयोर, टिगर आणि कांगा. काचेमागे बसलेली, झिजलेली, ठिगळं लावलेली. जन्म इंग्लंडातला, १९४७ साली अमेरिकेत आली आणि १९८७ पासून या वाचनालयाकडे आहेत. १९९८ मध्ये एका ब्रिटिश खासदारबाईंनी त्यांना परत पाठवण्याची मागणी केली होती. न्यूयॉर्कने दिली नाहीत.

"कांगाचं बाळ कुठाय?" थोरलीने विचारलं.

"रू ना? तो फार वर्षांपूर्वी हरवला. इंग्लंडमध्येच."

"म्हणजे आई इकडे आणि बाळ तिकडे?"

"हो."

ती बराच वेळ काचेला नाक लावून उभी होती. बाहेर आलो तर नवरा खुर्चीत बसलेला. "देखते हैं," एवढंच म्हणाला.

शेवटच्या दिवशी स्टेटन आयलंडची फेरी पकडली. ही केशरी बोट १९९७ पासून सर्वांना फुकट आहे, पंचवीस मिनिटांत पलीकडे पोचवते आणि वाटेत स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो. वारा बोचरा होता. धाकटा बाबाच्या जॅकेटमध्ये शिरला होता. सगळे पुतळ्याचे फोटो काढत होते. थोरली माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, साठ म्हणजे सिक्स्टी ना?"

"हो. का गं?"

"मग साठ दिन झाले की तुम्ही दोघं जाणार, आणि आम्ही अमेरिकन म्हणून आम्हाला इथे ठेवणार?"

हिंदीतही साठला साठच म्हणतात, हे आमच्या दोघांच्या लक्षातच आलं नव्हतं. बाकीचं तिने जोडून घेतलं होतं. किती दिवस ती हे एकटी मनात घेऊन फिरत होती, कोण जाणे. वाचनालयातला तिचा प्रश्न मला तेव्हा कळला.

मी बाकावर बसून तिला मांडीवर घेतलं. बाबाची नोकरी गेली आहे, तो दुसरी शोधतो आहे, मिळाली तर इथेच राहू, नाही मिळाली तर पुण्याला जाऊ, आजीआजोबांकडे. हे सगळं मराठीत सांगितलं. "पण जिथे जाऊ तिथे चौघं. ठेवणार कुणीच कुणाला नाही."

"धाकट्याला पण?"

"त्याला पण."

तिने विचार केला. "पुण्यात सबवे आहे?"

"मेट्रो आहे," नवरा म्हणाला. "आणि तिकडे तुझं तिकीट लागेलच."

त्यावर ती पहिल्यांदा हसली.

नवऱ्याला नोकरी एक्कावन्नाव्या दिवशी मिळाली, कमी पगाराची, दुसऱ्या राज्यात. नव्या कंपनीने मुदतीच्या चार दिवस आधी अर्ज भरला. घर बदललं, शाळा बदलली. ग्रीन कार्डाची रांग आहे तशीच आहे आणि पुन्हा असं होणार नाही, याची कुणी हमी दिलेली नाही.

मात्र हिंदी बंद केलं. आता आम्ही मराठीतच भांडतो.