कार्डाची पत्रिका

वस्तू जितकी लहान, तितकी तिच्यावरची अक्षरे जास्त, हा नियम मला औषधाच्या बाटल्यांवरून ठाऊक होता. पण कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डाने खोकल्याच्या औषधालाही खाली मान घालायला लावली आहे. ३२ मिलिमीटर लांब आणि २४ रुंद, म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढा जीव! तेवढ्यात कंपनीचे नाव, ६४ चा आकडा, ‘एसडीएक्ससी’ हे आडनाव, एखादा रोमन एक किंवा दोन, ‘सी’च्या कुशीत १०, ‘यू’च्या वाटीत ३ आणि कोपऱ्यात ‘व्ही ३०’. आमच्या घराण्यात मुलीच्या पत्रिकेतसुद्धा एवढा मजकूर नसे.

पत्रिका म्हटली की गुरुजी आलेच. पूर्वी ते पंचांग घेऊन येत, हल्ली भाच्याच्या रूपाने येतात. माझा मिररलेस कॅमेरा, म्हणजे आत आरसा नसलेला, घरात आल्याचे कळताच आमचा भाचा तडक हजर झाला.

“मामा, आडनाव म्हणजे नुसती ऐपत,” त्याने प्रवचन सुरू केले. “साधे एसडी दोन गिगाबाइटपर्यंत, एसडीएचसी बत्तीसपर्यंत, त्यापुढे एसडीएक्ससी. खरे गुण व्हीमध्ये बघायचे.”

“आणि हा ठळक छापलेला दोनशेचा आकडा?”

“तो वाचण्याचा वेग. तुला लिहिण्याचा हवा.”

हे मात्र मला चटकन पटले. स्थळ सांगून येते तेव्हा ‘पुण्यात फ्लॅट’ मोठ्याने सांगतात आणि हप्ते पुटपुटतात, तसलाच हा प्रकार. कार्डावरचे फोटो संगणकात उतरवायचा वेग ठळक अक्षरात. कॅमेऱ्याने कार्डावर लिहायचा वेग, जो बिचारा नेहमी कमीच असतो, तो बारीक अक्षरात किंवा बहुधा नाहीच. त्या मानाने ‘व्ही’ प्रामाणिक. व्ही ३० म्हणजे ‘चित्रीकरण चालू असताना सेकंदाला ३० मेगाबाइटच्या खाली मी घसरणार नाही’ असे कार्डाने दिलेले वचन. व्ही ६० आणि व्ही ९० ची वचने त्याच हिशेबाने मोठी. जास्तीत जास्तीची आश्वासने आपण दर निवडणुकीत ऐकतो. कमीत कमीची हमी देणारा हा पहिलाच भेटला.

दुकानदाराला मात्र व्ही ९० च्या खाली बोलण्यात रस नव्हता. त्याने एक कार्ड उलटे करून दाखवले. पाठीवर सोनेरी पट्ट्यांच्या एकाऐवजी दोन रांगा. हीच यूएचएस-दोन जात. सेकंदाला १०४ मेगाबाइटची जुनी वेस ओलांडून ही ३१२ पर्यंत धावू शकते. “साहेब, घ्यायचं तर एकदाच चांगलं घ्या,” तो म्हणाला. हे वाक्य मी सोफ्यापासून कवळीपर्यंत सर्वत्र ऐकले आहे. पण माझ्या कॅमेऱ्याचे खाचे यूएचएस-एकचे. त्यात हे कार्ड चालते, पण जुन्याच वेगाने. शर्यतीचा घोडा टांग्याला जुंपला म्हणून टांगा काही डर्बी जिंकत नाही.

राहिला चित्रीकरणाचा हिशेब. माझा कॅमेरा फोर-के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिटने करतो. शंभर ऐकून छातीत धस्स होते. पण हे बिट, कार्डावरचे ते बाइट. आठ चवल्यांचा रुपया, तसा आठ बिटांचा बाइट. म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. व्ही ३० ला हे डाव्या हाताचे काम. उडत्या बगळ्याचे सेकंदाला वीस फोटो काढणाऱ्यांनी खुशाल महागातले कार्ड घ्यावे. नाहीतर कॅमेरा दम खात थांबतो आणि बगळा काही थांबत नाही.

मला बगळा टिपायचा नव्हता. आईचे सहस्रचंद्रदर्शन होते. हजार पौर्णिमा म्हणजे ८० वर्षे आणि वर सुमारे दहा महिने. एवढ्या काळात आईचे फोटो किती? लग्नाचे बारा. त्या काळी कॅमेऱ्यात घालायच्या एका रोळात चौकोनी फोटो बाराच निघत आणि दुसरा रोळ आणण्याइतके आमचे आजोबा उधळे नव्हते. त्या बारांतल्या दोहोंत भटजींची पाठ आहे. पुढे हे बारा फोटो पावसाळ्यात एकमेकांना चिकटले, आणि सोडवताना आईचा स्वतःचा चेहरा तेवढा दोन ठिकाणी सोलून निघाला. ती अजूनही अल्बम दाखवताना त्या जागेवर बोट ठेवून सांगते, “ही मी.”

म्हणून माझा प्रश्न वेगाचा नव्हताच. ‘काकू, जरा परत ओवाळून घ्या’ असे सांगता येते. डोळ्यांतले पाणी परत आणता येत नाही. माझ्या कॅमेऱ्याला दोन खाचे आहेत आणि प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर लिहायची सोय आहे. एक कार्ड ऐन वेळी रुसले तरी दुसरे घरचे असते. तेव्हा एका भारी कार्डाऐवजी व्ही ३० ची ६४ गिगाबाइटची दोन साधी कार्डे घेतली. माझा एक कच्चा फोटो ३० मेगाबाइटच्या आसपास. म्हणजे दोन हजार फोटोंची बेगमी झाली.

बनावट कार्डे वर २५६ लिहितात आणि पोटात ३२ चीच जागा ठेवतात. लग्नाचा हॉल पाचशे पानांचा सांगावा आणि आत साठच ताटे मांडावीत तसे. तेव्हा दोन्ही कार्डे घरी काठोकाठ भरली, सगळे परत वाचून पाहिले, मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट केली. बायको म्हणाली, “एवढी पारख आमच्या वेळी केली असतीत तर!” या वाक्याचा रोख कोणाकडे, हे मी विचारले नाही.

समारंभ झाला. ८१ दिवे लागले, नातवंडांनी ओवाळले, आईचे डोळे भरून आले आणि दोन्ही कार्डांनी ते आपापल्या परीने टिपून ठेवले. रात्री मी आईला अभिमानाने सांगितले, “नऊशे चौदा फोटो आहेत.”

आई थोडा वेळ विचार करत होती.

“त्यातले बारा छापून आण,” ती म्हणाली, “आणि मधे पातळ कागद घाल.”